सापगावच्या व्याह्यांसाठी गळाचा रॉड

कृष्णाकाठी जन्मलेल्या माणसाला मासे धरण्यातलं सगळं कळतं, अशी माझी इतकी वर्षं समजूत होती. सापगावला चार दिवस राहून आलो आणि ती समजूत तिथल्या भातसा नदीत सोडून आलो. आता सांगलीत भेटेल तो विचारतो, "लेकीकडं जाऊन आलात म्हणे, काय काय बघितलंत?" बघण्यासारखं तिकडं पुष्कळ आहे. डोंगर आहेत, धरणं आहेत, माहुलीचा किल्ला आहे. मी मात्र मुख्यतः रॉड बघितले. तेच सांगतो, कंटाळा आला तर उठून जा.

आमची मनीषा दोन वर्षांपूर्वी शहापूरजवळ सापगावला दिली. घर शेतकऱ्याचं, भाताचं. तिचे सासरे बाळाराम म्हणजे माझे व्याही. लग्नात ओळख झाली ती एवढीच, की माणूस कमी बोलतो आणि रोज संध्याकाळी बांबूची लांब काठी घेऊन नदीवर जातो. मागच्या वर्षी त्यांना लकव्याचा झटका आला. जीव वाचला, पाय सुधारला, पण एक हात कोपरापासून खाली गेला तो गेलाच. दिवाळी झाल्यावर मनीषाचा फोन आला.

"बाबा, आप्पांनी नदीवर जायचंच सोडलंय. ती लांब काठी एका हातानं पेलत नाही. दिवसभर ओट्यावर बसून असतात, जेवा म्हटलं तर जेवतात. त्यांना एका हातानं चालवता येईल असा रॉड आणि रीळ बघाल का?"

मी म्हटलं, मला सांगतेस? अगं, तुझा बाप पोहायच्या आधी गळ टाकायला शिकलाय. तिनं आणखी काही सांगायला तोंड उघडलं होतं, पण मी फोन ठेवला. तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होतो, पोरांना समजावून सांगायची सवय; ऐकून घ्यायची सवय लागायच्या आत निवृत्त झालो.

दुकानात गेलो आणि तिथला सगळ्यात देखणा रॉड उचलला. दहा फुटी, काळा कुळकुळीत, दोन तुकड्यांत निघणारा. वर बसणारं गोल रीळ, चांदीसारखं चकाकणारं. तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, गुंडाळायची मूठ डाव्या बाजूला, कायमची पक्की केलेली. दुकानदार म्हणाला, उजव्या हातानं फेका, डाव्यानं गुंडाळा, हात बदलायला नको. मला ते फारच शास्त्रशुद्ध वाटलं. व्याह्यांचा कुठला हात गेलाय हे मला ठाऊक नव्हतं आणि मी विचारलंही नाही. आमच्यात व्याह्याच्या दुखण्याची चौकशी करतात, पण खोदून विचारत नाहीत. बरं दिसत नाही ते.

पहिला दिवस: ओट्यावर

आमच्या हिचे गुडघे धरलेले, म्हणून मी एकटाच निघालो. आसनगाव स्टेशनला उतरलो, रॉड खांद्यावर बंदुकीसारखा. शेअर रिक्षावाल्यानं आधी रॉडकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि दोघांना मागं बसवलं. माझं डोकं आत आणि रॉडचं टोक बाहेर, असे आम्ही शहापूर ओलांडून सापगावला पोचलो. भाताची कापणी झाली होती, खाचरांत नुसते खुंट उरले होते आणि खळ्यांवर पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या. आमच्याकडं ऊस म्हणजे भिंत. पलीकडचं काही दिसत नाही. इथं नजर जाते ती थेट माहुलीच्या सुळक्यांना जाऊन टेकते.

दारात पाय धुवायला पाणी, मग गूळ-पाणी, मग चहा. व्याही ओट्यावर खुर्चीत बसले होते, अंगावर शाल. मी वाकून नमस्कार केला, ते अर्धवट उठले. मी म्हटलं बसा, ते म्हणाले तुमी बसा. यात पाच मिनिटं गेली. आमच्याकडं मुलाचा बाप ताठ आणि मुलीचा बाप वाकलेला, अशी जुनी रीत. इथं दोघंही वाकलेले. मग सरळ कोण उभं राहणार?

जेवायला तांदळाची भाकरी, हिरव्या मिरचीतली सुकट आणि वालाची आमटी. तांदळाची भाकरी म्हणजे पांढरी, मऊ, तोंडात घातली की बोलायच्या आत नाहीशी. मी ज्वारीचा माणूस. भाकरीनं दाताशी थोडं भांडावं असं मला वाटतं. पण चार खाल्ल्या. वर भातही खाल्ला. विहीणबाई अनसूयाबाई पाचवी भाकरी घेऊन आल्या तेव्हा मी ताटावर आडवा झालो.

जेवणानंतर रॉड काढला. दोन्ही तुकडे जोडले, रीळ बसवलं, मूठ फिरवून टिकटिक वाजवून दाखवली. मनीषानं बघितलं आणि तिचा चेहरा जरा उतरला. मला वाटलं, बापाचा खर्च बघून. व्याह्यांनी उजव्या हातानं रॉडवरून सावकाश हात फिरवला. डावा हात शालीत होता. "बेस हाय," ते म्हणाले. "येवडा लांबून आणलात. बेस हाय." मग विहीणबाईंनी रॉडला हळदकुंकू लावलं आणि तो देवांच्या तसबिरींशेजारी दोन खिळ्यांवर चढवला. मला इतका आनंद झाला, की वस्तू वापरायची सोडून पुजायला ठेवली, याचा अर्थ काय, ते डोक्यातच शिरलं नाही.

दुसरा दिवस: पुलाखाली

सकाळी मीच म्हटलं, चला व्याही, नदीवर जाऊ. ते म्हणाले उद्या जाऊ. मी म्हटलं नाही, आजच. पाहुण्याला नाही म्हणता येत नाही, म्हणून बिचारे काठी टेकत निघाले. घरापासून नदी जवळ, पण आम्हाला बराच वेळ लागला. वाटेत प्रत्येक जण थांबून विचारत होता, "काय आप्पा, निगालात का परत?" आणि आप्पा नुसती मान हलवत होते. परत येणारा माणूस बघून सगळ्यांना बरं वाटत होतं, एकट्या आप्पांना सोडून.

पुलाखालून थोडं वर गेलं की खडकांत एक डोह आहे. पाणी आरपार. आमची कृष्णा मातकट, पोटात काय आहे त्याचा पत्ता लागू देत नाही. ही सगळं दाखवते आणि वर काही देत नाही. व्याही नेहमीच्या खडकावर बसले. नेहमीचा म्हणजे खरोखर नेहमीचा, बसून बसून गुळगुळीत झालेला.

मी गांडूळ लावलं, रॉड मागं नेला आणि सगळी अक्कल एकवटून फेकला. गळ गेला दहा हातांवर. रीळ मात्र थांबेना. आतल्या आत गरगर फिरत राहिलं आणि तंगूस भसाभस वर येऊन त्याचा असा गुंता झाला, की सुगरणीनं घरटं बांधायचं सोडून द्यावं. पलीकडे कपडे धुणाऱ्या दोन बायका हात थांबवून बघू लागल्या. मी म्हटलं, नवीन आहे, बसेल. पाऊण तास सोडवला. पुन्हा फेकला. पुन्हा घरटं. तिसऱ्यांदा गळ वरच्या उंबराच्या फांदीत अडकला आणि तिथंच राहिला. अजूनही असेल.

मग मला वाटलं, मालकाच्या हातात द्यावा. नवा गळ बांधून रॉड व्याह्यांच्या हातात दिला. त्यांनी उजव्या हातात धरला. दहा फुटांचं टोक खाली झुकलं, पाण्याला टेकलं. त्यांनी मुठीकडं बघितलं. मग शालीतून डावा हात हळूच मांडीवर आला आणि तिथंच पडून राहिला. त्यांनी रॉड मला परत दिला.

"तुमीच टाका, पावणं," ते म्हणाले. "मी बघतो. बेस हाय."

आता सांगा, यापेक्षा स्पष्ट माणसानं काय बोलावं? पण मला वाटलं, लाजतात. मी आणखी तासभर त्यांना शिकवत बसलो. मनगट असं, कोपर असा. ते हो हो करत होते. परत येताना ते माझ्या पुढं चालले आणि वाटेत कुणाकडंही बघितलं नाही.

संध्याकाळी मी ओट्यावर एकटा होतो. विहीणबाई सुपात तांदूळ घेऊन निवडायला शेजारी बसल्या. बराच वेळ खडे काढले. मग मान वर न करता म्हणाल्या, "व्याहीबुवा, एक बोलू का? राग मानू नका. त्यांचा डावा हात गेलाय. आन् मूठ डावीकडं हाय."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आख्खा दिवस मी त्या माणसाच्या मेलेल्या हाताशी शिकवणी करत होतो. ते बोलले का नाहीत, असं मी विचारलं. त्यावर बाईंना माझीच कीव आली. व्याह्यानं दिलेल्या वस्तूला नाव कसं ठेवतील, म्हणाल्या. नदीवरून आल्यावर व्याही त्यांना म्हणाले होते, आता नवी वस्तू आली तरी जमत नाय, म्हणजे माझं संपलंच. ती भिंतीवरच बरी.

द्यायला गेलो नदी आणि उरलीसुरली आशाही काढून घेऊन बसलो. घरी फोन लावला आणि हिला सगळं सांगितलं. मला वाटलं, धीर देईल. ती म्हणाली, "तुम्ही कधी कुणाला आधी विचारता का?" आणि भाजी करपते म्हणून फोन ठेवला.

तिसरा दिवस: मुरबाड

सकाळी जाहीर केलं, मुरबाडला जायचं, मला बाजार बघायचाय. खरं कारण मनीषाला आणि विहीणबाईंना ठाऊक होतं. बाईंना सुकी मासळी घ्यायची होती, व्याह्यांबरोबर त्याही निघाल्या. किन्हवलीवरून, सरळगाववरून जीप गेली. रस्ता सागाच्या रानातून, मधे मधे भाताची खळी. जीपमध्ये एका आजोबांच्या मांडीवर कोंबडा होता. त्यानं पूर्ण प्रवासात माझ्या चपलेवर नजर ठेवली.

मुरबाडच्या बाजारात एक दुकान आहे. जाळी, दोऱ्या, कोयते, विळे आणि एका कोपऱ्यात गळाचं सामान. दुकानदार पान खाणारा, शांत. मी त्याला सगळं नीट सांगितलं, यावेळी हाताची बाजूसुद्धा. तो म्हणाला, मग वर बसणारं रीळ नको, खाली लटकणारं घ्या. त्याची मूठ काढून पाहिजे त्या बाजूला लावता येते. त्यानं एक स्क्रू फिरवला, मूठ डावीकडून काढली आणि उजवीकडं बसवली. एवढंसं काम. मी कालपासून ज्याच्यावरून जमिनीत जायला बघत होतो, ते एका स्क्रूचं काम होतं.

पुढची अडचण रॉडची. दुकानदारानं एक दिला. व्याही म्हणाले, बेस हाय. दुसरा दिला. बेस हाय. मी एक महागातला दाखवला, त्यावर तर दोनदा बेस हाय. दुकानदार पानाचा तोबरा सांभाळत म्हणाला, आप्पा, तिन्ही बेस कसे असतील? आप्पा माझ्याकडं बघून हसले. माझ्यासमोर हा माणूस खराट्यालासुद्धा बेस म्हणाला असता.

विहीणबाईंनी माझ्या बाहीला हळूच ओढलं. "तुमी जरा चहा पिऊन या," त्या म्हणाल्या.

मी काय समजायचं ते समजलो. समोरच्या हॉटेलात जाऊन बसलो, बाहेरच्या बाकावर, जिथून दुकान दिसतं. चहा सांगितला, भजी सांगितली. पहिल्या घोटालाच बघितलं, तर व्याह्यांनी मान आडवी हलवली. रॉड परत. दुसरा घेतला, काखेत दाबला, निसटला, मान आडवी. तिसऱ्याच्या टोकाला हात लावून काहीतरी बोलले. दुकानदार उत्तर द्यायला लागला तर त्यालाच गप्प केलं. मग त्याला स्टुलावर चढवून माळ्यावरचे काढायला लावले. दोन दिवसांत माझ्याशी वीस शब्द बोलले नसतील, तिथं त्यांचा आवाज रस्ता ओलांडून येत होता. भज्यांची दुसरी प्लेट सांगितली. नकार ऐकण्यात एवढी मजा असते हे मला माहीत नव्हतं.

मग एक रॉड घेऊन ते दुकानाच्या पायरीवर आले. तंगुसाला शिशाचा तुकडा बांधला होता. डाव्या काखेत रॉड दाबला, उजव्या हातानं तंगूस मोकळा करणारी रिळाची तार उघडली, तो बोटात धरला. मग तोच हात रॉडला घालून, काखेतून काढून फेकला. शिसं रस्ता ओलांडून टोमॅटोच्या हातगाडीवर जाऊन पडलं. भाजीवाला उठून उभा राहिला. व्याह्यांनी रॉड पुन्हा काखेत दाबला आणि उजव्या हातानं शांतपणे गुंडाळायला लागले, शिसं टोमॅटोंवरून टुणटुण उड्या मारत परत गेलं. भाजीवाल्याला मी जाऊन शांत केलं आणि दोन किलो टोमॅटो घेतले.

निवडलेला रॉड पाहिला तर काय, दुकानातला सगळ्यात साधा. फिकट हिरवा, सात फुटी, वजनाला पेंढीच्या काडीसारखा. पण रिळामागचा दांडा हातभर लांब, काखेत चपखल बसणारा. आखूड दांडा निसटतो, लांब रॉड टोकाला जड होतो, हे सगळं त्यांनी त्या अर्ध्या तासात स्वतःच शोधून काढलं होतं. मी जवळ गेल्यावर पुन्हा आवाज खाली आला. "तुमी काय म्हणता, पावणं?"

मी म्हटलं, बेस हाय.

चौथा दिवस: पुन्हा डोहावर

सकाळी उठलो तर व्याही अंगणात. ओट्याखालची जुनी बांबूची काठी बाहेर काढून तिचं टोक वीतभर कापून घेतलं होतं, मधोमध चीर पाडली होती. मला वाटलं, रागानं तोडली. नाही. ती चिरफळी त्यांनी गुडघ्यांत धरली, चिरेत गळाचा दांडा अडकवला आणि एका हातानं त्यावर गांडूळ चढवून दाखवलं. रात्रभर याच विचारात होते, विहीणबाई म्हणाल्या. त्या हे हसत सांगत होत्या आणि पदरानं डोळेही पुसत होत्या.

नदीवर आम्ही तिघं गेलो, मी, व्याही आणि मनीषा. मी आणलेला काळा रॉड भिंतीवरच राहिला. माझ्याकडं फक्त हातजाळी होती आणि गप्प बसायची शपथ. पहिला गळ पायाशीच पडला. दुसरा खडकावर. तिसऱ्याला काखेतून रॉड निसटला आणि घसरत पाण्यापर्यंत गेला, मनीषानं धावत जाऊन धरला. व्याही घामाघूम झाले होते. मी बोलणार होतो की आज पुरे. लेकीनं माझ्याकडं असं बघितलं की शब्द गिळला. पाचवा गळ डोहाच्या मध्यावर गेला, टुप्प आवाज करून बुडाला.

मग बसून राहणं. मासेमारीत नव्वद टक्के बसणंच असतं, आणि तेवढ्यात मी शपथ विसरलो. म्हटलं, व्याही, तिकडं झाडाच्या सावलीत टाका, आमच्याकडं मासा सावलीत असतो. त्यांनी गळ होता तिथंच ठेवला. म्हटलं, जरा ओढून बघा. मूठ हलली नाही.

आणि रॉडचं टोक वाकलं. एकदा, दोनदा, मग सरळ खालीच. व्याह्यांनी रॉड काखेत दाबला, खांदा पुढं काढला आणि उजवा हात फिरू लागला. तंगूस डोहात इकडून तिकडं धावत होता. त्यांचा अख्खा देह थरथरत होता आणि मेलेला डावा हात दांड्याखाली लोंबत होता, कामाला नाही तर निदान सोबतीला. रॉड निसटतोय असं मला वाटलं. मी उडी मारून पुढं झालो आणि दांड्याला हात घातला.

"नाय," व्याही म्हणाले. नजर पाण्यावरून हलली नाही. "हात काढा. तुमाला नाय जमायचं."

मी हात काढला. व्याह्यानं व्याह्याला असं बोलायचं नसतं. मनीषा तर तोंडावर हात ठेवून उभी राहिली. मला मात्र एवढं हलकं वाटलं, की त्या थंड पाण्यात गुडघाभर उतरलो तरी गार लागलं नाही. मासा जवळ आला. दीड वीत मरळ, काळी, तुकतुकीत, शेपटीनं पाणी उडवणारी. जाळी कशी घालायची हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत आहे. माशाच्या डोक्याकडून, पाण्याखालून.

मी ती मुद्दाम शेपटीकडून घातली.

"नाय, नाय," व्याही ओरडले. "डोक्याकडनं घाला, डोक्याकडनं. कृष्णाकाठचे म्हनं."